खालून कापलेली बातमी

"नाला बंद करा. म्हावऱ्याचं काय ते आमी बघून घेऊ."

हे वाक्य माझं नाही. पनवेलच्या मासळी बाजारात बसणाऱ्या एका कोळणीचं आहे. नव्वद सालाच्या पुढेमागे एका सकाळी खाडीच्या काठावर, घोटाभर चिखलात उभी राहून ती हे बोलली आणि मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. म्हावरं म्हणजे मासळी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. त्या वाक्याचं पुढे मी काय केलं, ते लिहायला आज बसलो आहे. बसायला फार उशीर केला, हेही आधीच कबूल करतो.

मी तेव्हा गावातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि शाळा सुटली की मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर व्हायचो. दैनिकाने पाठवलेल्या पिवळट कागदांच्या पॅडवर, मध्ये कार्बन घालून बातम्या लिहायच्या, वरची प्रत पाकिटात भरायची, कार्बनची प्रत आपल्याकडे ठेवायची. संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन ते पाकीट मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. दादरला दैनिकाचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. कधी कंडक्टर विसरायचा आणि माझ्या बातम्या मुंबई पाहून दुसऱ्या दिवशी पनवेलला परत यायच्या. छापून आल्या तरी नाव नसायचं, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. पण गावाला ठाऊक होतं. ज्या हेडमास्तरांपुढे मी दिवसभर मान खाली घालून असायचो, ते स्नेहसंमेलन जवळ आलं की मला स्वतःच्या खुर्चीशेजारची खुर्ची द्यायचे. मला ते आवडायचं. आवडत नव्हतं असं आता म्हातारपणी सांगण्यात काही अर्थ नाही.

बातमीदारीचा पहिला धडा मला दैनिकाच्या डेस्कवरच्या एका उपसंपादकाने फोनवर दिला होता. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर. पहिल्या वाक्यात. कारण पानावर जागा कमी पडली, शेवटच्या घटकेला जाहिरात आली, की बातमी वाचत बसायला कुणाला वेळ नसतो. ती खालून कापतात. दोन परिच्छेद उडवायचे तर शेवटचे दोन उडतात, त्यात काय आहे ते कुणी बघत नाही. "मास्तर, शेपटावर जीव ठेवू नका," असं तो म्हणाला होता. मी हो हो म्हटलं होतं. पण मी शाळेत निबंध शिकवणारा माणूस. वीस वर्षं मुलांना सांगत आलेलो, की निबंधाचा शेवट असा करा की तपासणाऱ्याच्या मनात राहिला पाहिजे. अंगवळणी पडलेलं असं एका फोनने जात नाही.

ती कोळीण आमच्या घरची. म्हणजे आमची आई तिच्याकडूनच मासळी घ्यायची. मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला मास्तर म्हणायची, पण अरेतुरे करून. बाजारात शिरल्यावर डाव्या हाताचा तिसरा ओटा तिचा. त्याच्या आधी तिच्या सासूचा, त्याच्याही आधी सासूच्या सासूचा. कागदपत्र काही नाही, पण बाजारात सगळ्यांना माहीत, की ही जागा त्या घरची. आजारपण आलं, घरात लग्न निघालं, की ती आपली मासळीची पाटी ओट्यावर पालथी घालून जायची. पालथी पाटी दिसली की त्या जागेवर दुसरी कोणी बसायची नाही. आई इतर कोळणींकडे माशाचे कल्ले उघडून बघायची, नाकाशी न्यायची, घासाघीस करायची. हिच्याकडे नुसती पिशवी पुढे करायची. जिताडा असो, बोईट असो, चिंबोऱ्या असोत, हिने दिलं ते ताजं.

हे सगळं तिचा नवरा खाडीतून आणायचा. आणि खाडीत वरच्या अंगाने एक नाला येऊन मिळायचा. वरती कारखाने होते. दोनतीन वर्षांपासून त्या नाल्याच्या पाण्याला रंग येऊ लागला होता, कधी तांबूस, कधी शेवाळी, आणि वास तर असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी त्यावर तीन बातम्या पाठवल्या होत्या. कोळी बांधवांवर उपासमारीची पाळी, कोळीवाड्याचं निवेदन, अशा. पहिली सातव्या पानावर चार ओळींत आली. दुसरी आली नाही. तिसरीचं काय झालं म्हणून फोन केला तर तोच उपसंपादक म्हणाला, "मास्तर, यात आमच्या वाचकाचं काय? तो दादरला, पार्ल्याला चहा पीत पेपर उघडतो. त्याला त्याचं काहीतरी दिसू दे."

माणूस वाईट नव्हता. धंदा शिकवत होता.

त्या सकाळी शाळेत प्रार्थना चालू होती आणि शिपाई मला बोलवायला आला. फाटकात मावशी उभी. डोक्यावर पाटी, पाटीवर गोणपाट. तिने पाटी खाली ठेवली, गोणपाट बाजूला केलं. आत बोटाएवढ्या पिल्लांपासून हातभर लांबीच्या बोईटांपर्यंत मेलेले मासे होते. डोळे पांढरे झालेले.

"चल," ती म्हणाली. "बघ आणि लिव."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खाडीला ओहोटी होती. जिथवर नजर जाईल तिथवर चिखलावर मासे उलटे पडलेले, मधूनमधून पिवळा फेस. नेहमी अशा वेळी बगळ्यांची झुंबड उडते. त्या दिवशी एकही बगळा नव्हता. तिचा नवरा आणि आणखी दोघं जण काठावर खड्डा खणत होते आणि बायका पाट्या भरभरून त्यात मासे ओतत होत्या. कुणी रडत नव्हतं. मला वाटलं होतं रडारड असेल, म्हणजे मला लिहायला बरं.

"हे असलं विकायला जात नाही ना?" मी विचारलं. वार्ताहराने विचारायलाच हवं होतं.

ती माझ्याकडे असं बघत राहिली की मी वहीत मान घातली. "माझी सासू बसली त्या ओट्यावर," ती म्हणाली. "तिथं बसून मी लोकांना विख विकू? मेलेलं म्हावरं आमी पुरतो, बघतोयस ना. आता आमी हितं जालंच टाकत नाय. पार खाली जातो, खाडीच्या तोंडाला. तिथलं पाणी चांगलं हाय. दोन भरत्या जातात जायला-यायला, पन तिथलंच आनतो."

"मग सरकारला काय सांगू?"

तेव्हा ती ते बोलली. नाला बंद करा, म्हावऱ्याचं काय ते आमी बघून घेऊ. मागणी एवढीच. नुकसानभरपाई नाही, नोकरी नाही, काही नाही. मला ते वाक्य फार आवडलं. खड्ड्यावर माती पडत होती आणि मी मनात म्हणत होतो, हा शेवट.

घरी येऊन लिहायला बसलो. तीन बातम्या वाया गेल्या होत्या, चौथी जाऊ द्यायची नव्हती. वाचकाला त्याचं काहीतरी दिसायला हवं. तर पहिलं वाक्य असं लिहिलं: 'पनवेलकरांच्या रोजच्या ताटात खाडीच्या वाटेने विष येऊ लागले आहे.' आजही पाठ आहे. मग मेलेले मासे, फेस, वास. मग गावातल्या एका डॉक्टरांचं मत, की असं पाणी पोटात गेलेली मासळी खाणं घातक ठरू शकतं. मग, सर्वांत शेवटी, कोळी मेलेली मासळी पुरून टाकतात, विकायला खाडीच्या तोंडाशी जाऊन चांगल्या पाण्यातली आणतात. आणि अगदी शेवटी मावशीचं वाक्य, अवतरणात.

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "शेवट छान झालाय हो. अगदी तिच्यासारखाच." मला धन्य वाटलं.

बातमी पहिल्या पानावर आली. पनवेलची बातमी पहिल्या पानावर, तीन कॉलमांत! 'पनवेलकरांच्या ताटात विष' असा जाड मथळा. स्टँडवरच्या स्टॉलवर मी पाच अंक घेतले. तिथेच उभ्याने वाचत वाचत खाली आलो तर डॉक्टरांच्या मतावर बातमी संपलेली. त्याखाली साड्यांच्या सेलची जाहिरात. शेवटचे दोन परिच्छेद गेले होते. मला वाईट वाटलं. थोडंसं. खरं सांगतो, थोडंसंच. शाळेत जाताना पेढे घेऊन गेलो आणि टीचर्स रूममध्ये वाटले. हेडमास्तरांनी दोन घेतले.

रविवारी आई बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आज वांग्याचं भरीत करते." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्या बायका तिच्या समोरून पदर नाकाला लावून जात होत्या. ती मला हाक मारत होती. मीही गेले तशीच पुढे."

"अगं, पण तुला तर मी वाचून दाखवलं होतं! ती चांगल्या पाण्यातली आणते म्हणून!"

"दाखवलं होतंस," आई म्हणाली. "पण पेपरात आलं नाही ना ते. मला वाटलं, खरं नसेल म्हणून त्यांनी काढलं असेल."

माझ्या जन्मदात्या आईने माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तोही माझाच शब्द होता. मी चिडलो. तिच्यावर ओरडलोही. ती मुकाट्याने वांगं भाजत राहिली. वृत्तपत्राची ताकद या विषयावर मी पुढे दोनतीन ठिकाणी भाषणं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ताकद म्हणजे काय ते मला त्या दिवशी स्वयंपाकघरात कळलं होतं आणि ते मी कोणत्याही भाषणात सांगितलं नाही.

पुढचं सगळं फार भराभर झालं. इतर पेपरवाले आले. विधानसभेत कुणीतरी आमचा अंक फडकवून दाखवला. जीपमधून साहेब लोक आले, बाटल्यांत पाणी भरून घेतलं, बाजारातले मासे बर्फात घालून नेले. नाल्याच्या बाजूला जीप जात नाही, तिथे चालत जावं लागतं, म्हणून फोटो बाजारातच निघाले. ज्याने त्याने एकच विचारलं: लोकांनी मासळी खायची की नाही? मावशी प्रत्येकाला सांगत होती, नाल्याचं बघा. कुणी लिहून घेतलं नाही. कारण त्यांच्या हातात आधीच एक बातमी होती आणि तिच्यात नाला ताटाच्या फार खाली होता.

आठव्या दिवशी हुकूम निघाला. पनवेलच्या खाडीतल्या मासळीच्या विक्रीस पुढील आदेश होईपर्यंत बंदी.

नाल्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. नमुने घेतले आहेत, तपासणी चालू आहे, असं तोंडी सांगत होते. आमच्या दैनिकाने पहिल्या पानावर चौकट छापली: 'आमच्या बातमीची दखल'. मला कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. ते मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

हुकूम घेऊन आलेल्या साहेबांपैकी एकाशी माझी ओळख झाली होती. साधा, सज्जन माणूस, निवृत्तीला आलेला. चहा पिताना मी त्याला म्हटलं, "साहेब, हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं."

तो हसला नाही. "मास्तर, नाला बंद करायचा म्हणजे कारखाने आले, त्यांचे कामगार आले, वकील आले. पाचदहा वर्षांचं काम. मासळी बंद करायला एक कागद पुरतो. वरून विचारणा झाली की लोकांच्या ताटातल्या विषाचं काय केलंत. आम्ही सांगितलं, ताटात जाऊ देत नाही. झालं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही नाल्याचं विचारलं असतंत तर नाल्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. निदान खोटं तरी."

त्याच दुपारी मावशी आमच्या घरी आली. ओट्यावर पाटी पालथी घालूनच आली होती. आई आतल्या खोलीत गेली ती बाहेर आली नाही. मावशी उंबऱ्याशी बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही.

"मास्तर, तू काय लिवलंस ते वाच," ती म्हणाली. "लोक काय काय सांगतात. मला तुझ्या तोंडून ऐकायचं हाय."

मी अंक काढला आणि वाचला. मेलेल्या माशांच्या वर्णनाला तिने मान हलवली, हां, बरोबर. डॉक्टरांचं मत झालं. मी थांबलो.

"पुढं?"

"एवढंच आलंय."

"मी बोललेली ते?"

"जागा नव्हती मावशी. मी लिहिलं होतं. वरच्यांनी कापलं."

तिने हात पुढे करून अंक घेतला. वाचता येत नव्हतं तिला. बोट ठेवून म्हणाली, "हे काय हाय खाली?"

"साड्यांची जाहिरात."

ती बराच वेळ त्या जाहिरातीकडे बघत होती. एक बाई पदर उडवत उभी होती तिच्यात. मग अंक नीट घडी करून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "परत लिव. आता तरी लिव." मी लिहितो म्हणालो. 'वरच्यांनी कापलं' हे मी जे सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते तेव्हा मला एकट्याला ठाऊक होतं.

लिहिलं. परत परत लिहिलं. नाला वाहतोच आहे, म्हणून लिहिलं. बंदीमुळे कोळीवाड्यात चुली थंड, म्हणून लिहिलं. पाकिटं एसटीने जात होती आणि काही छापून येत नव्हतं. शेवटी एक दिवस मीच एसटीत बसून दैनिकाच्या कार्यालयात गेलो. त्या उपसंपादकाला मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्यापेक्षा लहान, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने मला कँटीनमध्ये नेऊन बटाटेवडा खायला घातला.

"तो विषय झाला आता, मास्तर. कारवाई झाली ना? वाचकाच्या लेखी संपलं. आता पुन्हा तेच छापलं तर म्हणतील, तुमचीच बातमी खोटी होती काय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "पण ते कोळणीचं वाक्य चांगलं होतं हो. मी कापताना वाचलं नाही, नंतर रद्दीत दिसलं. तुम्ही ते शेवटी कशाला ठेवलंत? खालून कापतात, हे तुम्हाला सांगितलं होतं."

मी वडा खात राहिलो. मला ते वाक्य शोभेला हवं होतं, हे त्याला काय सांगणार होतो? परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, मांडीवर रिकामं पाकीट. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने तिकिटाचं विचारलं नाही.

पालथी पाटी पावसाळाभर ओट्यावर होती. शेजारच्या ओट्यावरची म्हातारी तिची राखण करायची, कुणी टेकू लागलं तर शिव्या घालायची. मावशीने दोनदा करंजाच्या बंदरावर जाऊन लिलावातली मासळी आणून बघितली. पण तिथे अख्ख्या होडीची बोली लागते, एका पाटीपुरतं कुणी देत नाही. आणि पाणी गळणारी पाटी बघून एसटीवाले चढू देत नाहीत. दिवाळी झाली आणि बर्फाचे टेम्पो भरून बंदराची मासळी आणणारे व्यापारी बाजारात आले. एका सकाळी मी गेलो तर तिसऱ्या ओट्यावर प्लॅस्टिकचे निळे क्रेट होते. पाटी नव्हती.

"किती दिस राखू मी?" म्हातारी माझ्यावरच खेकसली. "बंदी उठंल तर ती येल. उठव की बंदी. तूच लावलीस ना?"

पुढील आदेश कधी आला नाही. बंदी उठवली असंही कुणी कधी जाहीर केलं नाही. दोनेक वर्षांनी लोक ती विसरले, चारपाच जणी खाडीची मासळी घेऊन बाजाराच्या बाहेर रस्त्यावर बसू लागल्या. कुणी हटकलं नाही. पण तोवर मावशीचा नवरा उरणकडे बंदरात हमालीला लागला होता आणि जाळं विकलं गेलं होतं. तो नाला तेव्हाही वाहत होता. आईने मरेपर्यंत जिताडा घरात आणला नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मी बातमीदारी आणखी काही वर्षं केली. मग फॅक्स आले, तरुण पोरं मोटरसायकलवरून फिरू लागली, आणि मला कुणी काढलं नाही तरी माझी गरज कुणाला राहिली नाही. निवृत्त झाल्यावर शिकवण्या घेऊ लागलो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कामोठ्याला जुन्या गावाशेजारी नव्या इमारती उठत होत्या, त्यांतल्या एका इमारतीत आठवड्यातून तीन दिवस दहावीच्या मुलांना शिकवायला रिक्षाने जायचो. एकदा वर चढताना दुसऱ्या मजल्यावर एक बाई जिना पुसत होती. पाठमोरी. मी पाय उचलून बाजूने जाऊ लागलो तर आवाज आला, "ओल्यावर पाय नको देऊ मास्तर, पडशील."

मावशी. केस पांढरे झालेले, हातातल्या बांगड्या गेलेल्या. मी काय झालं ते समजलो. आम्ही जिन्यावरच बसलो. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला म्हणाली. माझ्या आईचं विचारलं. ओट्याचं तिने काढलं नाही. मीच काढलं.

"मावशी, मी खरंच लिहिलं होतं गं तुझं बोलणं. माझ्याकडे कार्बनची प्रत आहे. दाखवीन तुला."

"मला कुठं वाचता येतंय," ती म्हणाली. "पन आन. वाचून दाखव."

मला वाटत होतं, ते तिला ऐकवलं की माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. दुसऱ्या खेपेला मी प्रत घेऊन गेलो. कागद पिवळा पडून घडीवर फाटला होता, कार्बनची निळी अक्षरं पसरली होती, पण सगळं लागत होतं. तिने बादली बाजूला सारली, हात पदराला पुसले. मी पहिल्यापासून वाचलं. ताटातलं विष, फेस, वास, डॉक्टर. मग ते परिच्छेद. कोळी मेलेली मासळी पुरतात. चांगल्या पाण्यातली आणतात. आणि मग तिचं वाक्य.

तिने कागदाच्या फाटक्या घडीवरून बोट फिरवलं. माझ्या मनात आलं, आता ती म्हणेल, बरं केलंस मास्तर, तुझा काय दोष.

"एवढं समदं आधी," ती म्हणाली, "आनि मी एवढी खाली?"

"शेवट चांगला व्हावा म्हणून, मावशी."

"खालून कापतात, ते तुला ठावं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी मान हलवली. ठाऊक होतं.

"मंग पयलं का नाय लिवलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कागदाची घडी घातली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बाई ओरडली, की जिना अजून ओला का आहे. मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली, फडकं पिळलं आणि पुसायला लागली. मी वर शिकवणीला गेलो. त्या दिवशी निबंध शिकवायचा होता. मी मुलांना व्याकरण दिलं आणि लवकर निघालो. पुढे ती त्या इमारतीत दिसली नाही. गावातही चौकशी केली. ती वारल्याचं मला दीड वर्षाने कळलं, तेही बाजारात, मासळी घेताना.

म्हणून हे लिहिताना तिचं वाक्य मी सगळ्यात वर ठेवलं आहे. आता हे कुणी छापलं, आणि जागा कमी पडली, तर खालून हवं तेवढं कापावं. मला कापावं.